ओसरीवरून : धूर कोणीकडे वांकतो?

गेल्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस, म्हणजे राष्ट्रीय विज्ञानदिनीं, नातीच्या आग्रहास्तव मी खोडद येथें गेलों होतों. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवच्या पूर्वेस हें लहानसें गांव असून तेथें व आसपासच्या शिवारांत मिळून तीस प्रचंड रेडिओ-दुर्बिणी उभ्या आहेत. एकेका थाळीचा व्यास ४५ मीटर आणि सर्वांचा पसारा सुमारें २५ किलोमीटरांचा. या उद्योगाचे जनक प्रो. गोविंद स्वरूप २०२० सालीं निवर्तले. त्यांचें हें कार्य मात्र रात्रंदिवस आकाशाकडे कान लावून उभें आहे. विज्ञानदिनीं हें केंद्र लोकांस पाहावयास खुलें असतें व शाळकरी मुलांची तेथें जत्राच भरते. त्या जत्रेंत माझ्यासारखा मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांकडून संस्कृतचीं रूपें घोकवून घेतलेला निवृत्त मास्तर म्हणजे परक्याच्या लग्नमंडपांत चुकून शिरलेला वाटसरूच. पण नातीनें बोट घट्ट धरिलें होतें, तेव्हां मागें फिरण्याची सोय नव्हती.

एका मांडवांत चित्रें लाविलीं होतीं. बहुतेकांत मधें एक ठिपका व दोन बाजूंस सरळ रेषेंत दोन फुगवटे. काठीच्या दोन टोंकांस घागरी अडकवाव्या तशी आपली कावडच म्हणाना! एक चित्र मात्र मला बिघडलेलें वाटलें. त्यांतील दोन्ही घागरी एकाच अंगास कललेल्या, आणि त्यांच्या लांबच लांब शेपट्या मागें ओढल्यासारख्या. तेथें उभ्या असलेल्या तरुण संशोधकास मीं सहज विचारिलें, "सरळ चित्रें इतकीं असतां हें वांकडें कशाला लाविलें?" तो हंसून म्हणाला, "आजोबा, आम्हांला हीं वांकडींच अधिक हवीं असतात. वांकडें दिसलें कीं तेथें वारा असणार, आणि वारा आहे म्हणजे गर्दी असणार, असें आम्ही धरून चालतों. मग ती गर्दी हुडकायला निघतों."

हें ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालों. त्याचें कारण शेवटीं सांगेन. आधीं ही गर्दी कसली आणि आकाशांत वारा कसला, तें त्या तरुणाकडून व नंतर घरीं येऊन वाचून जें मला उमगलें तें वाचकांपुढें ठेवितों.

आपली आकाशगंगा ही दहा हजार कोटींहून अधिक ताऱ्यांची एक दीर्घिका आहे, हें आतां शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतें. अशा असंख्य दीर्घिका विश्वांत आहेत, परंतु त्या सारख्या विखुरलेल्या नाहींत. कांहीं एकट्या राहतात, कांहींचीं दोन-चार जणांचीं बिऱ्हाडें आहेत, आणि कांहीं ठिकाणीं शेंकडों किंवा हजारों दीर्घिका परस्परांच्या आकर्षणानें बांधल्या जाऊन एका प्रचंड एकत्र कुटुंबांत नांदतात. त्यास आपण दीर्घिकासंघ म्हणूं. मध्यभागीं बहुधा एक थोरली, भारदस्त दीर्घिका कर्त्या पुरुषासारखी बसलेली असते व बाकीच्या तिच्याभोंवतीं सेकंदास हजार किलोमीटरांच्या आसपास वेगानें फिरत असतात. या कुटुंबांचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे. १९३३ सालीं झ्विकी नांवाच्या शास्त्रज्ञानें अरुंधती-केशांतील संघाच्या दीर्घिकांचे वेग मोजले, तेव्हां दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर इतकें धांवतें घर एकत्र टिकणेंच शक्य नाहीं असें त्यास आढळलें. कोठें तरी न दिसणारी मिळकत असलीच पाहिजे! ती मिळकत, म्हणजे अदृश्य द्रव्य, काय आहे याचा उलगडा अद्यापि झालेला नाहीं.

जवळचे संघ छायाचित्रांत डोळ्यांनीं ओळखतां येतात. एबल यानें १९५८ सालीं पालोमार येथील दुर्बिणीच्या कांचा एकेक तपासून २७१२ संघांची यादी प्रसिद्ध केली. परंतु घर कसें वाढलें हें जाणावयाचें तर तें उभें राहत असतांनाच पाहिलें पाहिजे. आणि आकाशांत जुना काळ पाहावयाचा म्हणजे दूर पाहावयाचें, कारण दूरच्या वस्तूचा प्रकाश आपल्याकडे फार पूर्वीं निघालेला असतो. येथेंच खरी अडचण आहे. दूरचा संघ अंधुक दिसतो. त्याच्या पुढ्यांत जवळच्या दीर्घिकांची इतकी दाटी असते कीं कोण कोणाच्या घरचा हें समजत नाहीं. शिवाय विश्वाच्या प्रसरणामुळें त्याचा प्रकाश ताणला जाऊन तांबड्याच्याहि पलीकडे, डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत सरकलेला असतो. अमावास्येच्या रात्रीं डोंगराच्या माथ्यावरून पलीकडच्या खोऱ्यांतील गांव शोधावयाचें असेल तर घरें कोणी मोजीत बसत नाहीं. कोठें दिवा लुकलुकतो का, तें पाहावें लागतें.

असा दिवा प्रथम ज्याच्या उपयोगी पडला त्या गृहस्थाची हकीकत मला विशेष हृदयंगम वाटली. त्याचें नांव रुडोल्फ मिंकोव्स्की. घराणें विद्वानांचें, प्रसिद्ध गणिती हेर्मान मिंकोव्स्की हा त्याचा चुलता, आणि स्वादुपिंड काढून टाकल्यास मधुमेह होतो हें १८८९ सालीं दाखविणाऱ्यांपैकीं एक, ऑस्कर मिंकोव्स्की, हा त्याचा बाप. जर्मनींत ज्यू कुळांतील लोकांचा छळ सुरू झाल्यावर १९३५ सालीं तो अमेरिकेस गेला. पुढें बाडे या सहकाऱ्यासमवेत त्यानें हंस नक्षत्रांतील बलवान रेडिओ-उद्गम हा प्रत्यक्षांत एक दूरची दीर्घिका आहे हें १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. कोट्यवधि प्रकाशवर्षें दूर असलेली ही वस्तु रेडिओलहरींत इतकी प्रखर, तर तिच्याहून किती तरी दूर असलेल्या तिच्या बहिणीहि ऐकूं आल्याच पाहिजेत, हा विचार त्यांतून ओघानेंच निघतो.

१९६० सालीं मिंकोव्स्की सेवानिवृत्त व्हावयाचा होता. पालोमारच्या दोनशें इंची दुर्बिणीवर त्याच्या वांट्याच्या शेवटच्या रात्रीं उरल्या होत्या. केंब्रिजच्या तिसऱ्या यादींतील २९५ क्रमांकाचा रेडिओ-उद्गम त्यानें निवडला. तो भूतप नक्षत्रपुंजांत, म्हणजे आपली स्वाती ज्यांत आहे त्या पुंजांत आहे. निवडण्याचें कारण साधें होतें : हा उद्गम तेजस्वी असूनहि आकारानें अगदीं लहान भासत होता, म्हणजे तो फार दूर असावा. त्या ठिकाणीं एक अंधुक दीर्घिका सांपडली आणि तिच्या वर्णपटांत प्राणवायूची एक एकटी रेषा, आपल्या मूळच्या जागेपासून ताम्रवर्णाकडे शेंकडा ४६ सरकलेली. त्यापूर्वीं मोजलेल्या सर्वांत दूरच्या दीर्घिकेची ताम्रसृति शेंकडा २० च्या आसपास होती. एका पावलांत ती दुपटीहून पुढें गेली. आणि ती दीर्घिका एकटी नव्हती. तिच्याभोंवतीं तिचें कुटुंब होतें. मिंकोव्स्कीच्या त्या लेखाचें शीर्षकच 'दीर्घिकांचा एक नवा दूरस्थ संघ' अशा अर्थाचें आहे. आजच्या हिशेबानें तो प्रकाश सुमारें ४८० कोटी वर्षांपूर्वींचा, म्हणजे आपली पृथ्वी जन्मण्याच्याहि थोडा आधींचा. दीर्घिकांतील हा विक्रम १९७५ पर्यंत टिकला. निवृत्तीच्या दिवशीं आम्हांस शाल, श्रीफळ आणि भाषणें मिळतात. या गृहस्थानें मात्र स्वतःच्या हातानें स्वतःस असा निरोप घेतला, याचा मला हेवा वाटतो हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

आतां हा दिवा पेटतो कसा? मोठ्या दीर्घिकेच्या गाभ्यांत कोट्यवधि सूर्यांच्या वजनाचें कृष्णविवर असतें. त्यांत भोंवतालचा वायु पडूं लागला कीं तो तापतो, भोंवऱ्यासारखा फिरतो, आणि त्यांतील कांहीं द्रव्य गिळलें न जातां प्रकाशाच्या जवळपास वेगानें दोन विरुद्ध दिशांस फवाऱ्यासारखें बाहेर फेंकलें जातें. त्यांतील विद्युत्कण चुंबकीय क्षेत्रांत गिरक्या घेत रेडिओलहरी सोडतात. फवारे लाखों प्रकाशवर्षें लांब जाऊन शेवटीं फुगतात. मीं पाहिलेल्या कावडीच्या घागरी त्या याच. धुळीच्या ढगांनीं प्रकाश अडतो, पण या लहरी अडत नाहींत. म्हणून त्या फार दुरून ऐकूं येतात.

आणि वारा? संघांतील दीर्घिकांमधली जागा रिकामी नाहीं हें क्ष-किरणांमुळें समजलें. १९७० सालीं केनियाच्या किनाऱ्यावरून 'उहुरू' नांवाचा क्ष-किरण पाहणारा उपग्रह सोडण्यांत आला (स्वाहिली भाषेंत या शब्दाचा अर्थ 'स्वातंत्र्य', त्या दिवशीं त्या देशाचा स्वातंत्र्यदिन होता). त्याच्या साहाय्यानें असें दिसलें कीं संघाचें सारें अंतराळ एक ते दहा कोटी अंश तापलेल्या वायूनें भरलेलें आहे. विरळ किती, तर पाण्याच्या तांब्याएवढ्या जागेंत एखाददुसरा कण! पण जागाच इतकी अफाट, कीं त्या वायूचें एकूण वजन संघांतील सर्व ताऱ्यांच्या वजनाच्या कित्येक पट भरतें. अशा वायूंतून एखादी रेडिओ-दीर्घिका सेकंदास हजार-दोन हजार किलोमीटर वेगानें धांवूं लागली म्हणजे काय होईल? कोळशाच्या आगगाडीचें इंजिन ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. धूर मागें लोळतो. ययाति नक्षत्रपुंजांतील संघांत अशी शेपटी केंब्रिजच्या संशोधकांस १९६८ सालीं दिसली होती, आणि ती धांवत्या दीर्घिकेचा मागें राहिलेला माग आहे हें विवरण १९७२ सालीं हॉलंडच्या संशोधकांनीं मांडलें. मध्यभागीं बसलेल्या थोरल्या दीर्घिकेचे फवारेहि कधीं कधीं वांकतात. तेथें ती स्वतः फारशी हलत नसते, तर दोन संघ एकमेकांवर आदळल्यामुळें वायूच हेलकावत असतो. गाडी उभी आणि वादळ चालू, एवढाच भेद.

एवढें कळल्यावर युक्ति उलटी वापरण्यास कितीसा वेळ? वांकडी कावड दिसली तर वारा आहे. वारा आहे तर वायु आहे. आणि इतका वायु धरून ठेवणारें घर मोठेंच असलें पाहिजे. अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं रेडिओ-नकाशांतून अशा ६४६ वांकड्या जोड्या निवडून स्पिट्झर या अवरक्त किरणांच्या अवकाश-दुर्बिणीनें (ती २०२० च्या जानेवारींत बंद झाली) त्यांच्या भोंवतालचें आकाश तपासलें. त्या उपक्रमाच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचा शब्द 'कोब्रा' होतो. वांकड्या चालीच्या शोधास नाव नागाचें, हें बरें जुळलें. दुसऱ्या एका मंडळानें वांकडें-सरळ हा भेद न करतां केवळ बलवान व अतिदूरचे रेडिओ-उद्गम घेतले. २०१३ सालीं त्यांनीं ३८७ ठिकाणांचा हिशेब दिला, त्यांत शेंकडा ९२ ठिकाणीं सरासरीहून अधिक दाटी होती व शेंकडा ५५ ठिकाणीं ती नजरेंत भरण्याजोगी. त्यांतलीं वीस ठिकाणें निवडून हबल दुर्बिणीनें वर्णपट घेतले, तेव्हां २०१८ पर्यंत सोळा संघ पक्के ठरले. खोडदच्या दुर्बिणींनीं १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग टिपला असून त्यांत सुमारें सहा लक्ष वीस हजार उद्गम आहेत. त्यांतूनहि अशा शेपटीवाल्या वेगळ्या काढण्याचें काम आपल्या देशांत झालें आहे.

येथें माझ्यांतला मास्तर जागा झाला. वाचकहो, ज्यांनीं लहानपणीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हातीं धरिला असेल त्यांस पर्वतावरील धूर पाहून अग्नीचें अनुमान करण्याचा तो सुप्रसिद्ध दाखला आठवेल. नैयायिक तेवढ्यावर थांबत नाहींत. धूर तेथें अग्नि ही व्याप्ति खरी. पण अग्नि तेथें धूर, असें उलटें म्हणतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघावयास ओलें सर्पण लागतें, आणि त्या ओल्या सर्पणास ते 'उपाधि' म्हणतात. हें सारें येथें तंतोतंत लागू पडतें. कृष्णविवरास खाद्य मिळत असेल तेव्हांच फवारे सुटतात, आणि तें खाणें फार तर कांहीं कोटी वर्षें चालतें. संघाचें आयुष्य त्याच्या कित्येक पट. म्हणजे ज्या घरांत या घटकेस ओलें सर्पण जळत नाहीं अशीं कितीतरी मोठीं घरें या रीतीनें आपल्या नजरेंतून सुटतात. तीं हुडकावयास क्ष-किरण आहेत, तसेंच संघाच्या तप्त वायूमुळें विश्वाच्या आद्य प्रकाशावर पडणारी पुसट सांवली ओळखण्याची दोघां रशियन शास्त्रज्ञांनीं सुचविलेली रीतिहि आहे. उलट बाजूस, धुकें पाहून धूर समजणाऱ्याचीहि फसगत व्हावयाचीच : शेजारीं शेजारीं दिसणारे दोन निराळे उद्गम एका वांकड्या कावडीसारखे भासतात, आणि लहानशा बिऱ्हाडांतील दीर्घिकेचे फवारेहि कधीं वांकतात. म्हणून केवळ रेडिओच्या खुणेवर संशोधक संघ जाहीर करीत नाहींत. वर्णपट घेऊन दीर्घिका खरोखर एकाच अंतरावर आहेत असें दिसलें, म्हणजेच मान्य करतात.

आमच्या पूर्वजांस हें सर्व आधींच ठाऊक होतें, असें म्हणण्याचा मोह अशा वेळीं पुष्कळांस होतो. तो मला झाला नाहीं असें नाहीं. पण त्यांस दीर्घिका ठाऊक नव्हत्या, रेडिओलहरी ठाऊक नव्हत्या. ठाऊक होतें तें अनुमान कोठें फसतें हें. तेवढें श्रेय त्यांस दिलें म्हणजे पुरे.

या रीतीची कसोटी लागलेलें एक ठिकाण सांगून आटोपतों. सुमारें १०६० कोटी वर्षांपूर्वींच्या काळांतील एका रेडिओ-दीर्घिकेस तिच्याभोंवतीं लहान दीर्घिका माश्यांसारख्या अडकलेल्या दिसतात म्हणून 'कोळ्याचें जाळें' असें नांव मिळालें आहे. तिचे फवारे सरळ नाहींत. २००० सालच्या सुमारास चिलीमधील मोठ्या दुर्बिणीनें तिच्या शेजारच्या दीर्घिका वर्णपटानें पक्क्या झाल्या. म्हणजे घर बांधणें चालू होतें हें कळलें. पण आंत तप्त वायु सांठला होता का? तो प्रश्न २०२३ पर्यंत राहिला. त्या वर्षीं चिलींतल्याच दुसऱ्या, रेडिओ-दुर्बिणींच्या समूहानें मघां सांगितलेल्या सांवलीच्या रीतीनें त्या वायूची खूण टिपली. वायु होता, थोडा, नुकताच जमूं लागलेला, पण होता.

आतां मी स्तब्ध कां झालों तें. सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेच्या खिडकींतून उसाचीं गुऱ्हाळें दिसत. मी वर्गांत धूर आणि अग्नि यांचा पाठ देत होतों. मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरचेंहि गुऱ्हाळ होतें. त्यानें विचारलें, "गुरुजी, धूर सरळ वर न जातां वांकडा गेला तर वारा आहे हेंहि कळतें. तें अनुमान पुस्तकांत कां नाहीं?" तास संपत आला होता, परीक्षा जवळ होती. मीं त्यास "विषयांतर नको, खालीं बस" म्हणून गप्प केलें. पुन्हां त्या तासास त्यानें कधीं कांहीं विचारलें नाहीं.

खोडदहून परत येतांना रस्त्यालगत एक गुऱ्हाळ लागलें. चुलवणाचा धूर चिमणीतून निघून थेट उगवतीकडे लोळत होता. मीं नातीस ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, त्या मुलाचें नांव काय होतें?"

मला आठवेना. शेवटच्या बांकावर, खिडकीच्या कडेला बसत असे, एवढेंच आठवतें.